विरजणाची वाटी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये लहान मुलांच्या आयांची पत्रे बरीच होती. मूल झाल्यापासून जुन्या मैत्रिणी दुरावल्या आणि नव्या कशा करायच्या ते समजत नाही, असे जवळजवळ प्रत्येकीने आपापल्या शब्दांत लिहिले होते. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. ओळख पटू नये म्हणून गावांचे आणि वयांचे तपशील थोडे बदलले आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 31 वर्षांची आहे. माहेर लातूरचे, सासर सोलापूरचे, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्यात वाकडला राहतो. बाळंतपणासाठी मी माहेरी गेले होते, पाचव्या महिन्यात परत आले. रजा संपल्यावर पाळणाघराचा मेळ काही बसेना, म्हणून नोकरी सोडली. मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. आमच्या सोसायटीत साडेतीनशे घरे आहेत, तरी दिवसभरात मी बोलते ती भाजीवाल्याशी, कामाच्या मावशींशी आणि मुलीशी. संध्याकाळी खाली बागेत जाते, तिथे इतर आया असतात. दात आले का, रात्री किती वेळा उठते, वरचे खाणे काय देता, एवढे बोलणे होते आणि आपापल्या घरी जातो. सहा महिने एका बाईशी मी रोज वीसेक मिनिटे बोलते आहे, पण तिचे नाव मला ठाऊक नाही. तिच्या मुलाचे मात्र पाळण्यातले नावसुद्धा ठाऊक आहे. कॉलेजातल्या मैत्रिणी वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरत्या उरल्या आहेत. कधी कधी दुपारी विनाकारण रडू येते. या वयात नव्या मैत्रिणी खरेच होतात का?

उत्तर : होतात. त्या कशा होतात ते पुढे सांगतेच, पण तुमच्या रडण्याबद्दल आधी बोलू. असे रडू कधीमधी येऊन जात असेल तर ते थकव्याचे आणि अपुऱ्या झोपेचे असू शकते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ ते जवळजवळ रोज येत असेल, भूक मंदावली असेल, बाळ झोपले असतानाही तुमचा डोळा लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ती बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणे असू शकतात आणि त्यावर चांगले उपचार होतात. हे नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही डोके वर काढू शकते, त्यामुळे ‘अकरा महिने झाले, आता कसले बाळंतपण’ असे म्हणून ते अंगावर काढू नये. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. लगेच जाणे जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मैत्रीण कितीही जिवाभावाची असली तरी ती या दुखण्यावरचे औषध नव्हे, म्हणून हे पहिल्यांदा लिहिले.

आता मैत्रीविषयी. तुम्हाला जे एकटेपण आले आहे त्यासाठी स्वतःच्या स्वभावाला बोल लावू नका. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना माणसांनी गजबजलेला असतो. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळ बघायला येणाऱ्या आत्या-मावश्या, यांत आईला घटकाभर एकटे बसायला मिळत नाही. मग ती स्वतःच्या घरी परत येते, दार लागते, आणि सकाळी नवरा बाहेर पडल्यापासून रात्री तो येईपर्यंत मोठ्या माणसाचा आवाज म्हणून कानावर पडत नाही. 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्या रजेचा उत्तरार्ध बहुतेक जणी अशा बंद दाराआड काढतात, आणि त्याच सुमारास ऑफिसातल्या मैत्रिणींशी असलेला धागा सुटत जातो. तुमचा तर नोकरीबरोबर पुरताच सुटला.

आपल्या आज्या-पणज्यांना मैत्रिणी वेगळ्या शोधाव्या लागल्या नाहीत, कारण रोजचे कामच त्यांना एका जागी आणून बसवीत असे. पहाटे जात्याशी दोघी समोरासमोर बसत, एकीने ओवी धरायची आणि दुसरीने साथ द्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत भाऊ, आई आणि लेक यांच्याबरोबर शेजीही वारंवार भेटते. जाते गेले ते चांगलेच झाले, ते कष्ट कोणाच्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत. परंतु त्या कष्टांबरोबर रोजची समोरासमोरची बैठकही गेली. मुंबईत हे काम पुढे लोकलच्या महिला डब्याने केले. 1992 साली चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीची गाडी सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या डब्यांत भाजी निवडली जात होती, डोहाळजेवणे होत होती, आणि नेहमीची एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिच्या घरी निरोप जात होता. त्या बायका एकमेकींच्या आवडीनिवडी जुळतात का हे पाहून एकत्र आल्या नव्हत्या. गाडी तीच, डबा तोच, वेळ तीच, एवढ्याच भांडवलावर त्यांच्या मैत्र्या झाल्या. मैत्रीला नेम लागतो, आणि पूर्वी आपोआप लाभणारा तो नेम आजच्या आईला स्वतः हाताने बांधावा लागतो, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी माणसांची मैत्री जमायला किती वेळ लागतो याचा अभ्यास केला आणि तो 2018 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, मैत्रीण म्हणावे असे नाते व्हायला सुमारे 90 तास आणि जिवलग व्हायला 200 तासांहून अधिक सहवास लागतो, असे त्यांना आढळले. तेथील माणसांवरून काढलेले हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही तुमच्या पत्रातील हिशेब मी मांडून पाहिला. रोज वीस मिनिटे, असे सहा महिने, म्हणजे साठ तास झाले. त्या नाव ठाऊक नसलेल्या बाईंशी पहिल्या टप्प्याइतका सहवास तुमचा कधीच घडून गेला आहे. अडले आहे ते एवढ्यावरच की त्या साठ तासांत तुम्ही दोघी आल्याच नाहीत, तुमची मुलेच एकमेकांशी बोलत राहिली.

म्हणून उद्या बागेत गेलात की त्यांना नाव विचारा. ‘इतके दिवस बोलतोय आपण, पण मी तुमचे नावच विचारले नाही’, असे सरळ म्हणा. त्यांच्याही मनात हेच असणार. मुलांच्या दातांवरचे बोलणे चालूच राहू द्या, मात्र दिवसाकाठी एक वाक्य स्वतःबद्दलचे बोला. लातूरला असताना तुम्ही काय करत होता, नोकरीत काय आवडायचे, आज स्वयंपाकात काय बिघडले, काहीही चालेल. आणि त्यांच्याकडे काहीतरी मागा. देणे आपल्याला सोपे जाते, मागायला जीभ रेटत नाही, कारण कोणाचे उपकार घेऊ नयेत असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. पण माझ्या अनुभवात दार उघडते ते मागितल्यानेच.

माझा मुलगा सात महिन्यांचा असताना आम्ही डोंबिवलीची चाळ सोडून ठाण्याला नव्या इमारतीत राहायला आलो. चाळीत दार कधी बंद नसे, येथे समोरचे दार उघडे दिसत नसे, आणि पहिले पंधरा दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून नुसती येणारी-जाणारी माणसे पाहत होते. एके रात्री समोरच्या बाईंनी दार वाजविले. हातात स्टीलची छोटी वाटी होती, काठाला किंचित पोचा आलेली. विरजण संपले आहे, चमचाभर मिळेल का, असे त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली तीत लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी होत्या, कारण रिकामी वाटी परत पाठवायची नाही ही आपली रीत. आता वाटी माझ्याकडे होती आणि मलाही ती रिकामी पाठविता येईना. मी तीत दोन बेसनाचे लाडू घातले. पुढे बरीच वर्षे ती वाटी कधी एका घरी तर कधी दुसऱ्या घरी असे, आणि मुलाला ताप आला की मी पहिल्यांदा त्यांचेच दार वाजवीत असे. त्या रात्री घरात दह्याचे भांडे भरलेले होते हे त्यांनी मला दहा वर्षांनी सांगितले. बाळाचे रडणे त्यांना भिंतीतून ऐकू येत होते, आत यायला कारण हवे होते.

तुम्ही कारण शोधा. विरजण मागा, कढीपत्ता मागा, मुलांच्या डॉक्टरांचा पत्ता मागा, ‘मी पटकन आंघोळ करून येते, पंधरा मिनिटे पोरीकडे बघाल का’ असेही विचारा. मग आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवून घ्या, उदाहरणार्थ गुरुवारी सकाळी अकरा ते बारा, एका आठवड्याला तुमच्या घरी, दुसऱ्या आठवड्याला त्यांच्या घरी. घर आवरलेले नसले तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी बोलून टाका आणि खरोखरच आवरू नका. खायला पोहे-उपमा करायचा नाही, चहा आणि घरात असेल ते बिस्किट, असेही ठरवा. पाहुणचार वाढत गेला की भेटीचे ओझे होते आणि चौथ्या आठवड्याला कोणीतरी कारण सांगते.

प्रश्न : माझी आणि माझ्या मैत्रिणीची मैत्री नववीपासूनची, म्हणजे वीस वर्षांची आहे. आम्ही दोघी नाशिकला राहतो. तिचे लग्न माझ्याआधी झाले. मूल व्हावे म्हणून ती गेली चार वर्षे उपचार घेत आहे, दोनदा आयव्हीएफ केले, यश आले नाही. मला दिवस गेले तेव्हा तिला कसे सांगावे ते मला कळेना, म्हणून मी सांगितलेच नाही. सातव्या महिन्यात माझ्या जावेने डोहाळजेवणाचा फोटो स्टेटसला ठेवला आणि तो तिने पाहिला. बारशाला ती आली नाही. आता मी काहीही लिहिले तरी ‘हो’, ‘छान’, ‘बघू’ असे एका शब्दात उत्तर येते. माझा मुलगा आठ महिन्यांचा झाला. मी तिला मुकले आहे का?

उत्तर : तुम्ही तिला मुकला आहात असे मला वाटत नाही, कारण पुरते तोडायचे असते तर तो एक शब्दही आला नसता. परंतु तिला नक्की काय लागले आहे याबद्दल तुमचा अंदाज चुकला असावा. तुम्हाला मूल झाले आणि तिला नाही, याचे दुःख तिला आहेच, आणि ते तुमच्यामुळे झालेले नसल्याने तुम्हाला घालविताही येणार नाही. पण वीस वर्षांची मैत्रीण असून ही बातमी तिला सगळ्या गोतावळ्याबरोबर फोनच्या पडद्यावर पाहावी लागली, हे दुःख वेगळे आहे आणि ते तुम्ही दिलेले आहे. तुम्ही तिला जपायला गेलात, पण त्या जपण्याने तिला ‘हिला सहन होणार नाही’ अशा बायकांच्या रांगेत नेऊन बसविले. नातेवाईक आणि शेजारीपाजारी तिला असेच वागवत असणार. बारशाचे बोलावणे करावे की नाही यावर कुजबुज होत असणार. निदान तुमच्याकडून तरी असे होणार नाही, असा तिचा भरवसा असावा.

तिला हाताने पत्र लिहा. फोनवरचा संदेश नको, कारण तो वाचला की निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर द्यायची घाई होते. पत्राला आठ दिवसांनी उत्तर दिले तरी चालते, आणि नाही दिले तरी ते कपाटात राहते. पत्रात मुलाचे कौतुक नको आणि स्वतःचा बचावही नको. ‘मला दिवस गेले हे तुला सर्वांत आधी, समोर बसून सांगायला हवे होते. मी घाबरले आणि लपविले. तुला ते स्टेटसवरून कळले याची मला लाज वाटते. तुला भेटावेसे वाटेल तेव्हा मी एकटी येईन’, एवढे पुरे. ‘तू समजून घे’ असे लिहू नका; समजून घेण्याचे काम सध्या तिच्याकडे पुष्कळ आहे.

ती भेटायला तयार झाली तर खरोखर एकट्या जा. मुलाला तासभर घरी ठेवा आणि फोनमधले त्याचे फोटो ती विचारेपर्यंत काढू नका. पण तिने विचारले तर टाळूही नका, कारण तुमच्या आनंदाबद्दल तुम्ही तिच्यापुढे अपराधी होऊन बसलात तर तेही तिची कीव केल्यासारखेच होईल. तिच्या उपचारांबद्दल तिने विषय काढला तर ऐका. आयव्हीएफच्या एका फेरीत साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने घ्यावी लागतात, मग बीजे काढतात, गर्भ तयार झाला की तो गर्भाशयात ठेवतात आणि रक्ताची तपासणी करण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे वाट पाहावी लागते. ते दोन आठवडे किती लांब असतात हे त्यातून गेलेल्या स्त्रीलाच माहीत. तिसऱ्यांदा उपचार घ्यायचे तिने ठरविले तर त्या दिवसांत तिला काय हवे हे विचारा: रोज बोलायचे, की त्या विषयावर अवाक्षरही काढायचे नाही. तिने सांगितल्याप्रमाणे वागा. अमुक देवाला जा, तमुक डॉक्टरांना दाखव, ताण घेऊ नको म्हणजे राहील, दत्तक का घेत नाहीस, यांतले एकही वाक्य तुमच्या तोंडून जाऊ नये. ही वाक्ये तिने शंभर वेळा ऐकली असतील.

आणखी एक सांगायचे आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. तुमच्या वीस वर्षांपैकी पहिली सोळाएक वर्षे तुमच्यात मुलांचा विषयच नव्हता. तेव्हा तुम्ही कशावर बोलत होता? तेच पुन्हा बोला. तिच्या कामाबद्दल विचारा, तुमच्या दोघींच्या शाळेतल्या बाईंबद्दल बोला, रामकुंडाजवळ बसून तुम्ही जे काय खात असाल ते पुन्हा जाऊन खा. आई झालेल्या स्त्रीला मुलाशिवाय दुसरे काही सुचेनासे होते, हे मी स्वतः अनुभवले आहे, पण आपल्यातला आई होण्यापूर्वीचा भाग ओळखणारे माणूस आपल्याला त्या काळात अतिशय गरजेचे असते. त्या अर्थाने तिला तुमची जितकी गरज असेल त्याहून तुम्हाला तिची अधिक आहे, आणि हे तुम्ही पत्रात लिहिलेत तरी चालेल.

तिने उत्तर दिले नाही तर तिच्या वाढदिवसाला पुन्हा चार ओळी लिहा, आणि पुढच्या वर्षीही लिहा.

प्रश्न : मी 38 वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. अडीच वर्षांपूर्वी माझे यजमान अपघातात गेले. मुलगा दहा वर्षांचा आहे. आमच्या गल्लीत आम्हा सहा जणींचा गट होता. भिशी, सहली, मुलांचे वाढदिवस सगळे एकत्र व्हायचे. आता त्या भेटल्या की प्रेमाने बोलतात, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणे येत नाही. सहलीला जोडप्याने जायचे म्हणून तेही सांगत नाहीत. यंदा माझा मुलगा मित्राच्या घरी खेळायला गेला असताना तिथे हळदीकुंकू चालू होते, आणि त्याने घरी येऊन मला विचारले की, ‘आई, सगळ्यांच्या आया होत्या, तू का नव्हतीस?’ मी काय उत्तर द्यावे?

उत्तर : तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. मुलाला खरे उत्तर द्या. वडील गेल्यावर आईला काही समारंभांना बोलवायचे नाही अशी एक जुनी रूढी आहे, ती चुकीची आहे, आणि आईला तिचे वाईट वाटते, असे त्याला दहाव्या वर्षी नीट कळेल. ‘मला बरे नव्हते’ असे सांगितलेत तर पुढच्या संक्रांतीला त्याला दुसरे काहीतरी सांगावे लागेल, आणि कधीतरी बाहेरच्या कोणाकडून त्याला खरे कळेल.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे गावात होणार नाही, असे त्या गावाने ठरविले. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही याचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. ठराव झाला म्हणजे घराघरांतले वागणे एका रात्रीत बदलते असे नाही, परंतु तुमच्या गल्लीत कोणी ‘पूर्वापार चालत आले आहे’ असे म्हणाले तर तुमच्यापासून फार दूर नसलेल्या एका गावाने ते मोडायला घेतले आहे, हे सांगता येईल.

तुमच्या मैत्रिणींबद्दल मात्र मी वेगळे बोलेन. त्या पाच जणींपैकी बहुतेकींना हे चुकते आहे हे कळत असणार. बोलावले तर तुम्हाला अवघडल्यासारखे होईल, सासूबाई काय म्हणतील, इतर बायका काय म्हणतील, अशा भीतीपोटी प्रत्येक जण गप्प राहते, आणि या पाच गप्प बसण्यांचे मिळून एक मोठे दार तुमच्या तोंडावर लागते. हे दार पाचही जणींशी एकदम बोलून उघडणार नाही. त्यांतली तुमच्या सर्वांत जवळची जी असेल तिला घरी बोलावून घ्या आणि मुलाने विचारलेला प्रश्न तिला जसाच्या तसा सांगा. पुढच्या वर्षी मला बोलाव, वाण दे, कुंकू लाव, मला चालते आणि हवे आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्हाला कुंकू लावून घ्यायचे नसेल आणि फक्त तिळगूळ हवा असेल तर तसे सांगा. काय हवे आहे हे तुम्ही सांगितल्याने तिच्यावरचे न बोलण्याचे ओझे उतरेल.

दुसरे म्हणजे तुम्ही स्वतः बोलावा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या स्त्रियांना तिळगुळाला बोलवा आणि बोलावण्यात ‘सगळ्या’ हा शब्द ठसठशीत असू द्या. शाळेतल्या सेविका मावशी, पलीकडच्या घटस्फोटित बाई, लग्न न झालेल्या आत्या, यांतल्या कितीतरी जणींनी बरीच वर्षे असे बोलावणे पाहिले नसेल. वाण म्हणून तुम्ही शिक्षिका आहात तर मुलांसाठी गोष्टीचे एकेक पुस्तक द्या. त्या संध्याकाळी जुन्या गटातल्या दोनच जणी आल्या तरी मन खट्टू करून घेऊ नका. ज्या नव्या पाच-सहा येतील त्यांच्याकडे लक्ष द्या. सहलीसाठी तर मी म्हणेन की मुलांना घेऊन निघणाऱ्या आयांचीच एक सहल काढा, जोडप्यांचा प्रश्नच राहणार नाही.

आणि शोक अजून चालू आहे, हे विसरू नका. अडीच वर्षे हा काही मोठा काळ नाही. एखाद्या समारंभाचे बोलावणे आले आणि तरी जावेसे वाटले नाही, तर न जाण्याचा अधिकार तुमचा आहे. तो इतरांनी तुमच्या वतीने वापरू नये, एवढेच.

प्रश्न : मुलगा सव्वा वर्षाचा आहे. मला महिन्यातून दोन रविवारी संध्याकाळी मैत्रिणींना भेटायचे आहे. सासूबाई म्हणतात, ‘आईला कसल्या मैत्रिणी, आम्ही नाही कुठे गेलो.’ नवऱ्याचा विरोध नाही, पण ‘तो माझ्याकडे राहत नाही, रडतो’ असे तो म्हणतो. काय करावे?

उत्तर : सासूबाईंशी वाद घालू नका. त्या कुठे गेल्या नाहीत हे खरे असेल आणि त्याचा सल त्यांच्या मनात कुठेतरी असेल. एखाद्या दुपारी त्यांना विचारा की त्यांची लहानपणीची मैत्रीण कोण होती, भोंडला कोणाच्या अंगणात व्हायचा, शेवटची भेट कधी झाली. ती मैत्रीण हयात असेल तर तिचा फोन नंबर शोधून द्या, आणि जमले तर एकदा भेट घडवून आणा. हे मी त्यांचे मन वळविण्याची युक्ती म्हणून सांगत नाही, त्यांनाही ते हवे असेल म्हणून सांगते.

नवऱ्याकडे मूल राहत नाही याचे कारण बहुधा एवढेच की ते त्याच्याकडे कधी एकटे राहिलेले नाही. सव्वा वर्षाच्या मुलाला बाप ओळखीचा असतो, पण भूक लागली किंवा झोप आली की कोणाकडे जायचे हे त्याने सवयीने ठरविलेले असते, आणि ती सवय बदलते. पहिल्या रविवारी अर्धाच तास बाहेर पडा, कोपऱ्यापर्यंत जाऊन या. दुसऱ्या वेळी तास, तिसऱ्या वेळी दोन तास. निघताना मुलाची नजर चुकवून जाऊ नका, त्याला सांगून, हात हलवून जा. नजर चुकवून गेलात तर ते पुढच्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी रडेल. खिचडी कुठे आहे, दूध किती, लंगोट कोणत्या कप्प्यात आहेत, हे नवऱ्याला आधी दाखवून ठेवा, आणि नंतर त्याने लंगोट उलटा बांधला तरी त्यावर काही बोलू नका.

मूल थोडे रडेल. बाप त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारील, खालची कुत्री दाखवील, आणि तुम्ही परत याल तेव्हा दोघेही बहुतेक सोफ्यावर झोपलेले असतील.